लावरीची दोन रवणं

माझी कूस उजवणार की नाही हे लावरीच्या अंड्यांवरून ठरवायचं, असं माझ्या सासरी ठरलं तेव्हा माझा नवरा लढाईवर होता. मिस्र देशात की त्याच्याही पलीकडे, ते घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. लग्न झाल्यापासून तो माझ्या वाट्याला आला तो दोन रजांपुरता. त्यातली एक ऊसतोडीत गेली आणि दुसरी हिवतापात. तरी मूल होत नव्हतं ते माझ्यामुळे. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही वाटलं नाही.

सासर कृष्णाकाठी, सातारा जिल्ह्यात. गावात घरटी एक माणूस फौजेत. माझं माहेर कवठे महांकाळकडचं, कोरडवाहू. तिथे पाण्याची घागर उतरवताना बायका जपून पाय टाकतात. पोरगी पाण्याच्या गावात पडली, सुखी झाली, असं माहेरची माणसं चार जणांत सांगायची. पाणी खरंच भरपूर होतं. ते मीच शेंदायचे.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. तेही आधीच्या मोठ्या लढाईत फौजेत होते आणि पेन्शन घेऊन घरी बसले होते. शेती गडी बघत आणि मामंजी लावे बघत. लावरी म्हणजे गवतातून, बाजरीतून तुरुतुरु पळणारा मुठीएवढा पक्षी. आमच्या माहेरी तो रश्शात पडायचा. इथे त्याच्या नराची झुंज लावायचे. मामंजींचा एक नामी नर होता. त्याला ते राळे चारायचे, मुठीत धरून गावभर हिंडवायचे, घरच्या माणसांशी बोलले नसतील इतकं त्याच्याशी बोलायचे. मिरजेच्या एका झुंजीत दुसऱ्या नराने त्याचा डोळा फोडला आणि घरी येईपर्यंत तो मुठीतच मेला. मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत. मग विचार करकरून त्यांनी असं काढलं की रानातून धरलेला नर माणसाला भितो, म्हणून ऐन वेळी बिचकतो. अंड्यातूनच घरात निघाला तर भीती ठाऊकच नसेल. त्यांनी पारध्याला सांगून गवतातल्या घरट्यांतली ताजी अंडी मागवली. तपकिरी ठिपक्यांची, बोराएवढी अंडी. ती त्यांनी पाण्यात सोडून पाहिली, तरंगली ती फेकली आणि बुडाली ती ठेवली.

आता ही अंडी कोंबडीखाली घालायची होती. खुडूक झालेली कोंबडी अंड्यांवर बसवली की त्याला आमच्याकडे रवण म्हणतात, आणि रवण कुणीही घालत नाही. ते लेकुरवाळीच्या हाताने घालायचं, कारण अंडी कोंबडीच्या उबेने फुटतात हे अर्धंच खरं, बाकी अर्धं घालणारीच्या हातगुणावर, अशी सगळ्या गावाची समजूत. आमच्या घरात रवण घालण्याचा मान सासूबाईंचा. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या दिवशी त्यांनी हात मागे बांधले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, यंदा सूनबाईच्या हातनं होऊ द्या, म्हणजे काय ते कळंल.

त्यांचा डाव मला तिथेच कळला. त्यांच्या सख्ख्या भावाची पोरगी पावसाळ्यापासून आमच्याकडे राहायला आली होती. माझ्या नवऱ्याच्या मामाची मुलगी ती. आमच्याकडे मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क. माझ्या लग्नाच्या वेळी ती परकरातली होती म्हणून नंबर माझा लागला. आता ती चौदा वर्षांची झाली होती आणि आत्याबाई तिला सगळ्यांसमोर होणारी सून म्हणूनच वागवत होत्या. लावरीची नाजूक अंडी, कोंबडीच्या वजनाने निम्मी फुटणारी, ती माझ्या हातची नासली की सुंठीवाचून खोकला जाणार. पोरगा रजेवर आला की त्याच मांडवात दुसरं लग्न आणि माझी रवानगी कवठ्याला.

मध्ये बोलले मामंजी. कुणी असं समजू नका की त्यांना माझी कणव आली. एका कोंबडीची, एका हाताची कसली परीक्षा, असं त्यांचं म्हणणं पडलं. दोन पाहिजेत, तेव्हा झुंज. त्यांच्या डोळ्यांत मिरजेची जत्रा दिसायला लागली. खुडूक कोंबड्या दोन होत्याच. अंडी सारखी वाटायची, अर्धी माझ्या हाताने एकीखाली, अर्धी त्या पोरीच्या हाताने दुसरीखाली.

"जिची निघतील ती ह्या घरात ऱ्हाईल," ते म्हणाले. "जिची नासतील तिनं आपली वाट धरायची. मी शब्द दिलाय, आता कुणी मधी बोलायचं न्हाई."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पारावर तंबाखूच्या पुड्या पैजेला लागल्या. गडी माणसं येऊन माझ्या हातांकडे बघून जायची, बैलाचे दात बघावेत तशी. बहुतेकांनी पोरीवर लावली होती.

टोपल्या कुठे ठेवायच्या ते आत्याबाईंनी ठरवलं. पोरीची टोपली स्वयंपाकघरात, चुलीमागच्या कट्ट्यावर. तिथे राख उबदार, भिंत उबदार, रात्रीसुद्धा निखारा विझत नसे. टोपलीत बारीक कोंडा, वर मऊ चिंधी. वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून त्यात लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवला, दृष्ट लागू नये म्हणून सुकी मिरची. माझी टोपली गोठ्यात, दगडी डोणीच्या आडोशाला. डोणीतून गुरं पाणी प्यायची, तोंड झटकायची, तिथली जमीन कधी म्हणून वाळलेली नसे. टोपलीत गुरांपुढून काल सांडलेलं गवताचं पिंजर. मी खिळा मागितला तर मिळाला नाही. मग मोडक्या विळ्याचं पातं सापडलं, ते मी पिंजरात खोचलं.

पोरगी वाईट नव्हती. ते मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगायला मन होणार नाही. ती मला वैनी म्हणायची, माझ्यामागे पाणवठ्यावर यायची आणि आपण कशासाठी आणल्या गेलो आहोत हे माहीत असूनही त्याचा अर्थ तिला पुरता कळला नव्हता. तिला नवरा नको होता, तिला पिलं पाहिजे होती. दिवसातून किती वेळा ती चुलीमागे वाकून बघायची. तिची कोंबडी चोच वासून बसलेली असायची, मधूनच धापा टाकत उठायची आणि दारात येऊन उभी राहायची. मग आत्याबाई तिला धरून परत बसवायच्या आणि चुलीत आणखी एक लाकूड सारायच्या. माझी कोंबडी डोणीखाली ओल्यात पोट टेकून निवांत होती. दाणे टिपायला उठली की ओल्या पिसांनीच परत बसायची. ते बघून आत्याबाईंना बरं वाटायचं. ओलीने अंडी कुजणार, याविषयी त्यांना शंका नव्हती.

मधल्या काळात मी बाहेरची झाले. बाहेर बसायची जागा म्हणजे गोठाच. म्हणजे टोपली आणि मी शेजारी शेजारी. आत्याबाईंना हे देवानेच घडवून आणल्यासारखं झालं. शेजारणींना हाका मारून त्यांनी सांगितलं, आता विटाळात काय निघणार. आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाल्या, "आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं यील?"

मी घाबरले. आज वाचणाऱ्याला वाटेल की ही बाई मनातून हसत असेल. नाही. माझाही विटाळावर तितकाच विश्वास होता. मी त्या टोपलीकडे पाठ करून बसले, तिकडे श्वाससुद्धा जाऊ नये म्हणून पदर तोंडाशी धरला. कोंबडी मात्र उठून माझ्याजवळ यायची, माझ्या ताटलीतली भाकरी टोचायची आणि जाऊन पुन्हा बसायची. आमच्या दोघींत तिला शिवाशिव माहीत नव्हती. कवठ्याला परत गेले तर काय होणार हे मला स्पष्ट दिसत होतं: वडील दारात बसून राहणार, भाऊ बोलणार नाही, भावजय ताट वाढताना किती भाकऱ्या ते मोजणार आणि मी ओझी वाहत म्हातारी होणार. नवऱ्याने टाकलेल्या माझ्या आतेचं तसंच झालं होतं. मी देवाला नवस बोलले नाही, कारण विटाळात देव ऐकत नाही. मी कोंबडीलाच म्हटलं, बाई, बस.

लावरीची अंडी कोंबडीच्या अंड्यांच्या कितीतरी आधी फुटतात. हे मामंजींखेरीज कुणाच्या ध्यानात नव्हतं, म्हणून त्या सकाळी सगळे बेसावध होते. मी शेण भरायला वाकले आणि कोंबडीच्या पोटाखालून बारीक चिवचिव ऐकू आली. मी हात घातला नाही. मामंजींना बोलावलं. त्यांनी कोंबडी उचलली. पिंजरात सुपारीएवढी पिवळी-काळी पिलं ओल्या अंगाने धडपडत होती. सगळी नव्हे. काही अंडी तशीच गार पडून होती, एक पिलू कोंबडीच्या पायाखाली चेंगरलं होतं. पण बरीच निघाली होती आणि अजून टरफलं तडकत होती. मामंजींनी ती बाहेर काढून सुपात ठेवली आणि सूप अंगणात आणलं. पारावरची माणसं धावत आली.

मग सगळे स्वयंपाकघराकडे वळले.

चुलीमागच्या अंड्यांतही जीव होता. तो नसता तर बरं झालं असतं. जवळजवळ प्रत्येक अंड्यावर टोचा पडला होता, नखाएवढी भेग गेली होती, आणि तिथेच सगळं थांबलं होतं. भेगेतून चोचीचं टोक दिसायचं. आतली पातळ साल वाळून कांद्याच्या पापुद्र्यासारखी कडक झाली होती आणि पिलांच्या अंगाला चिकटून बसली होती. त्यांना वळता येत नव्हतं. पोरीने एक अंडं कानाला लावलं आणि तिचा चेहरा उजळला.

"वैनी, आतनं बोलतंय ओ," ती मला म्हणाली.

ते दुपारपर्यंत बोलत होतं. ती चुलीपाशी बसून होती, एक अंडं ठेवायची, दुसरं कानाला लावायची. आवाज बारीक होत गेले. आत्याबाईंना राहवलं नाही, त्यांनी एक अंडं घेऊन नखाने टरफल सोलायला घेतलं. टरफलाबरोबर पिलाची कातडी आली आणि त्यांच्या बोटांना रक्त लागलं. पोरगी किंचाळली. मामंजींनी दारातूनच दम दिला.

"झुंजीत मधी हात घालत न्हाईत."

कुणी हात घातला नाही. माणसं उंबऱ्यावर उकिडवी बसून विड्या ओढत वाट बघत होती. कुणाच्या तंबाखूच्या पुड्या गेल्या, कुणाच्या आल्या, त्यावर हुज्जत चालली होती. दिवस कलला तेव्हा चुलीमागे काहीच बोलत नव्हतं. मामंजींनी अंडी एकेक करून फोडून दाखवली, म्हणजे नंतर वाद नको. प्रत्येकात पुरतं वाढलेलं, पिसं आलेलं पिलू गुडघ्यात मान घालून मेलेलं होतं.

पोरगी स्वतःच्या तळहातांकडे बघत होती. मला आनंद झाला. वाईट वाटलं असं लिहून मी आज शहाणपण मिरवणार नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

तिला न्यायला तिचा बाप आला. निघताना आत्याबाईंनी सख्ख्या भाचीला कुंकू लावलं नाही, हातावर दहीसुद्धा घातलं नाही. बातमी तिच्याआधी तिच्या गावात पोचली होती. उलट्या हाताची पोर. पुढे ऐकलं की तिची आईच तिला दुधाला विरजण लावू देत नव्हती, बियाण्याला शिवू देत नव्हती. चांगल्या घरातून कुणी मागणी घातली नाही. शेवटी शिरवळच्या एका दुजवराला दिली. हमरस्त्यावर त्याची खानावळ होती, तिच्या वयाची त्याला मुलं होती.

मामंजींच्या पिलांचं काय झालं तेही सांगते. माद्या झुंजत नाहीत, म्हणून त्या वाढल्या तशा रश्शात गेल्या. मसाला मी वाटला. नरांपैकी एक मामंजींनी सांगलीला नेला. माणसाला भिणार नाही हे त्यांचं म्हणणं खरं ठरलं. रिंगणात सोडल्यावर तो दुसऱ्या नराकडे ढुंकून न बघता मामंजींच्या हाताकडे पळत आला, राळे मागायला. दुसऱ्याने मागून येऊन त्याची मान फाडली. चारचौघांत हसं झालं. मामंजींनी उरलेल्यांच्या माना घरी येऊन स्वतःच्या हाताने मुरगळल्या. त्यांचाही मसाला मीच वाटला. पण शब्द त्यांनी मोडला नाही. लढाई संपून नवरा परत आला तेव्हा आत्याबाईंनी पुन्हा विषय काढून पाहिला. अंडी निघाली, पोर कुठंय, हे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, कारण आता नवरा घरात होता आणि पाळणा तरीही हलत नव्हता. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं की बापाचा शब्द आहे. त्याने माझं नाव घेतलं नाही. मला त्याचीही गरज नव्हती, मी राहिले.

आणि माझा हात नावाजला. विटाळात बसून ओल्या गोठ्यात ज्या बाईने लावरीची पिलं काढून दाखवली, तिचा हातगुण केवढा. गावात कुणाची कोंबडी खुडूक झाली की बोलावणं मला. मी जायची, रवण घालायची. पण त्याच घरात बारसं असलं तर मला आवतण नाही. ओटी भरायला मी चालत नव्हते. एका अंगणात सकाळी मला कोंबडीपाशी पाट मांडला आणि संध्याकाळी बाळंतिणीच्या खोलीचं दार माझ्या तोंडावर ओढून घेतलं, असं झालेलं आहे. आमच्या लोकांना यात काही विसंगत दिसत नसे. कोंबडीची कूस वेगळी आणि बाईची वेगळी.

इतकी रवणं घातल्यावर आंधळ्यालाही कळलं असतं. माझ्या हातचीसुद्धा चुलीजवळ ठेवलेली अंडी वाळायची. रांजणापाशी, मोरीच्या भिंतीला, जिथे जरा ओल आहे तिथली निघायची. हाताचा काही संबंध नव्हता. हे मी कुणालाही सांगितलं नाही. का सांगावं? त्या घरात, त्या गावात माझं म्हणून जे काही होतं ते तेवढंच होतं. टोपली कुठे ठेवायची ते मी बोटाने दाखवायची आणि लोक म्हणायचे, बाईचा हात बघा.

आत्याबाई शेवटच्या दुखण्याने पडल्या तेव्हा ती पोरगी भेटायला आली. पोरगी कसली, बाई झाली होती. एक पोर बोटाला, एक कडेवर, तिसऱ्याची चाहूल. अंगणात मी तिला पाणी द्यायला पुढे झाले, तशी तिने कडेवरच्या तान्ह्याचं तोंड पदराखाली घेतलं. झटकन, विचार न करता, जसं ऊन लागेल म्हणून घेतात तसं. ऊन मागच्या बाजूला होतं.

मी तांब्या खाली ठेवला. ती आत गेली, आत्तीपाशी बसली, रडली. मग बाहेर येऊन तिने गाठोडं सोडलं. कोंड्यात रुतवलेली अंडी होती, शिरवळपासून मालमोटारीत मांडीवर धरून आणलेली. खानावळीला कोंबड्या लागतात, घरात खुडूक कोंबडी बसून आहे, पण सवतीची मुलं तिला टोपलीला शिवू देत नाहीत आणि नवरा येता-जाता सुनावतो, असं ती खाली बघत सांगत होती. एवढं एक रवण तिच्या हातून निघालं तर तिचं त्या घरात तोंड वर होईल.

"तुमचा हात लागू द्या, वैनी," ती म्हणाली. "लहानपणी चुकलं माझं. माझा हातच वाईट."

चूल तिला आठवत नव्हती. इतकी वर्षं तिला फक्त स्वतःचा हात आठवत होता. मी खाली बसले आणि अंड्यांवरून हात फिरवला, एकेक करून, सावकाश. ताजी होती, जड होती, चांगली होती. मी जवळ बसल्यावर ती थोडी मागे सरकली. पदराखाली तान्हं गुदमरून कुरकुरत होतं, तरी तिने पदर काढला नाही. एकदा, एकदाच, पदराची कड सरकली आणि एक ओली मूठ बाहेर आली. मी बोट पुढे केलं. तिने मूठ आत घेतली.

"टोपली कुठं ठिवू?" तिने विचारलं.

मोरीच्या भिंतीला ठेव, एवढं सांगायला काही लागत नव्हतं. शब्द तोंडात आले होते. आणि ही नासली, तर माझ्या हाताला कुणी बोल लावणार नव्हतं, हेही मला कळत होतं.

"चुलीमागं," मी म्हटलं. "ऊब चांगली लागंल."

तिने मान डोलावली आणि अंडी पुन्हा कोंड्यात रुतवून गाठोडं बांधलं. निघताना ती माझ्या पाया पडली, तान्ह्याचं तोंड दुसरीकडे करून.